लदेणी निघण्याआधी

माझ्या कामाचं मराठी नाव मोठं वाईट आहे. मी विषाणूंवर काम करते. हा शब्द उच्चारला की लोकांना त्यातलं विष तेवढं ऐकू येतं, पुढचं कुणी ऐकून घेत नाही. करोनानंतर तर बोलायलाच नको. दारव्ह्याकडचं एक स्थळ मला पाहायला आलं होतं. मुलाच्या आत्याने पोह्यांची बशी हातात घेतली, "काय करते पोरगी?" म्हणून विचारलं, मी सरळ उत्तर दिलं आणि तिने बशी हळूच खाली ठेवली. मुलगा बरा होता, पण मला वाईट वाटलं ते पोह्यांचं. ते मी केले होते, आणि मला तेवढा एकच पदार्थ धड जमतो.

आमचा तांडा दिग्रसच्या रस्त्यावरून आत आहे. एसटी फाट्यावर सोडते, पुढे पायी. आम्ही गोरमाटी, म्हणजे बाहेरचे लोक ज्यांना बंजारा म्हणतात ते. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. त्या फिरत्या व्यापाराला आमच्या बोलीत लदेणी म्हणतात. आता लदेणी कुणी करत नाही, सगळे पऱ्हाटी म्हणजे कापूस आणि तूर लावतात, पण तो शब्द घरोघर जिवंत आहे. माझ्या बाला, म्हणजे वडिलांना, तर तो दिवसातून एकदा तरी उच्चारल्याशिवाय जेवण जात नाही.

एक आधीच सांगून ठेवते. आईला आम्ही याडी म्हणतो, आणि घरात सगळं बोलणं गोरबोलीत चालतं. ते तसंच लिहिलं तर तुमच्या पदरात काही पडणार नाही, आणि माझ्या याडीच्या तोंडी पुस्तकातलं मराठी घातलं तर ती मला घरात घेणार नाही. म्हणून ती बाजारात, एसटीत बोलते त्या वऱ्हाडीतच तिला इथे बोलू देते.

तर माझं काम. कॅन्सर माणसाला बहुतेक वेळा मारतो तो मूळच्या गाठीने नाही. गाठ सोडून निघालेल्या पेशी मारतात. चांगल्या पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात. त्यांच्या अंगावर एक चिकट प्रथिन असतं, त्याने शेजारीण शेजारणीला बांधलेली राहते. काही गाठींतल्या पेशी हे प्रथिन बनवणंच सोडून देतात. मग त्यांचे हात सुटतात आणि त्या चालू लागतात, रक्तातून, फुफ्फुसाकडे, हाडाकडे, मिळेल तिकडे. आम्ही सर्दीचा एक साधा विषाणू घेतो. त्याच्या पोटातलं स्वतःची वाढ करायचं सामान काढून टाकतो, आणि त्या जागी चिकट प्रथिनाची कृती भरतो. विषाणूला जगात एकच गोष्ट उत्तम येते, ती म्हणजे पेशीत शिरून माल उतरवणं. तो आमचा माल उतरवतो. पेशी ते प्रथिन पुन्हा बनवायला लागते आणि, सगळं जुळून आलं तर, जागेवर थांबते.

जुळून येत नव्हतं. हैदराबादच्या प्रयोगशाळेत सव्वा वर्ष मी फक्त रेघा ओढल्या. काचेसारख्या प्लेटच्या तळाशी कॅन्सरच्या पेशी वाढवायच्या, त्यांची सलग चादर झाली की बारीक टोकाने मधोमध एक रेघ खरवडायची. मधे मोकळी पट्टी पडते. दुसऱ्या दिवशी सकाळी सूक्ष्मदर्शकातून पाहायचं की पेशी चालत येऊन ती पट्टी भरून टाकतात की नाही. माझ्या पेशी रोज भरून टाकायच्या. विषाणू दिलेल्याही आणि न दिलेल्याही, दोन्ही सारख्याच उत्साहाने. माझ्या मार्गदर्शक बाई काही बोलायच्या नाहीत, पण त्यांची न बोलण्याची एक पद्धत होती, तिने मला घाम फुटायचा.

आणि मग एका सकाळी पट्टी मोकळी होती. न दिलेल्या प्लेटमध्ये पेशींनी नेहमीसारखी गर्दी केलेली. दिलेल्या प्लेटमध्ये दोन्ही काठांवर त्या एकमेकींना धरून उभ्या, आणि मधे कोरी जागा. मी प्लेट बदलली का म्हणून खालचं लेबल तीनदा वाचलं. मग बाईंना बोलावलं. त्यांनी पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाल्या, "आणखी तीनदा कर." त्यांच्या तोंडून याहून मोठं कौतुक मी आजवर ऐकलेलं नाही.

मी याडीला फोन लावला. ती कापूस वेचत होती. मी सांगितलं तेवढं तिने ऐकून घेतलं.

"म्हंजे थ्या जागच्या जागी राह्यल्या?"

"हाव."

"तू थांबवल्या?"

"हाव याडी, मी."

पुढे मला ती ऐकू आली, पण माझ्याशी बोलताना नाही. ती फोन कानापासून लांब धरून शेतातल्या बायांना ओरडून सांगत होती. मला अभिमान वाटला. लाजत नाही सांगायला, छाती फुगेल इतका वाटला. ज्या पोरीची पोह्यांची बशी परत आली होती तिने पेशींना थांबवलं होतं.

त्या दिवाळीला मी घरी गेले. आमच्याकडे दिवाळीच्या अमावस्येला लग्न न झालेल्या पोरी दिवे घेऊन घरोघर मोठ्यांना शुभ चिंतायला जातात. त्याला मेरा म्हणतात. माझं लग्न झालेलं नाही, त्यामुळे दहावी-बारावीतल्या पोरींच्या रांगेत सगळ्यात पुढे, सगळ्यांहून हातभर उंच, मी. पहिला मान नायकाच्या घरचा. नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख. सत्तरीचा माणूस, तांड्यातली भांडणं तोडतो आणि तोडायला भांडण नसलं की बेचैन होतो. त्याने माझा दिवा पाहिला आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"छोरी, तू त्या कोरोनाच्या कामात हाये म्हणते. खरं काय?"

मागे अख्खा तांडा जमलेला. पोह्यांची बशी माझ्या डोळ्यांसमोरून गेली. या वेळी मात्र मी आधीच ठरवलं होतं.

"नायक, लदेणीचा बैल पाहा. गोणीत मीठ भरलं तं मीठ पोचवे, गहू भरले तं गहू. बैलाले काय करायचं हाये आत काय हाये थ्याचं? हा विषाणू तसाच. त्याच्या गोणीतली बिमारी मी काढून टाकली अन् औषध भरलं. आता थो कॅन्सरच्या दारात जाऊन औषध उतरवते."

नायकाने मांडीवर थाप मारली. बायांत कुजबूज सुरू झाली. ज्या गोष्टीसाठी इंग्रजीत मला चाळीस स्लाइड लागतात ती तांड्याला दोन वाक्यांत कळली होती. तेवढ्यात बाने तोंड घातलं.

"लदेणी काय अशी उठली अन् निघाली, असं नव्हतं. पयले एक माणूस पुढं जाये, पाणी पाहाले—"

"बा, थे नंतर," मी म्हणाले. बाच्या गोष्टी लांबतात आणि त्या क्षणी सगळ्यांच्या नजरा माझ्यावर होत्या. त्या मला कुणाला द्यायच्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत माझं वाक्य तांडाभर फिरून परत आलं ते चांगलं बाळसं धरून. छोरीने कॅन्सरचं औषध काढलं. लदेणी निघाली आहे. शेजारच्या तांड्यातून एक म्हातारा गुडघेदुखी चालेल का म्हणून विचारून गेला. याडीने बचत गटात सांगितलं, एसटीत सांगितलं, दिग्रसच्या बाजारात बांगड्या भरणाऱ्या चाच्यालाही सांगितलं. मी दुरुस्ती केली नाही. करायला पाहिजे होती, हे तेव्हाही कळत होतं. पण माझी याडी पहिल्यांदाच मान वर करून माझ्या कामाचं नाव घेत होती, आणि मला ते पाहायचं होतं.

मार्चमध्ये होळीला पुन्हा गेले. होळी आमचा सगळ्यात मोठा सण. बाया ठेवणीतला पोशाख काढतात, फेटिया म्हणजे घेरदार घागरा आणि कांचळी म्हणजे आरसे लावलेली चोळी. कांचळीला मागे फक्त नाड्या असतात, त्या दुसऱ्या बाईनेच बांधाव्या लागतात. दर वर्षी मी बांधते. त्या सकाळी मी नाडी ओढली आणि याडीने श्वास आत घेतला. डावा हात तिने अंगाशी घट्ट धरला होता. मी म्हटलं, हात वर कर. ती म्हणाली, बांध तशीच. मी तिचा हात उचलला आणि कांचळीच्या कडेने बोटं आत घातली. स्तनाच्या बाहेरच्या बाजूला, काखेकडे, लिंबाएवढं काहीतरी होतं. कडक. ढकललं तरी सरकत नव्हतं.

मी रोज प्लेटमध्ये ज्या पेशी पाहते त्या कुणाच्या तरी अंगात होत्या, हे मला माहीत असायला पाहिजे. पण माहीत असणं वेगळं आणि आपल्या बोटांखाली लागणं वेगळं. मी खाटेवर बसले.

"कधीपासून हाये?"

"दिवाळीच्या पयलेपासून."

"दिवाळीच्या पयले? मी दिवाळीले इथंच होतो न याडी! तवा काहून नाई सांगितलं?"

ती अगदी सहज म्हणाली, "तूच तं सांगून राह्यलती नायकाच्या दारात, लदेणी निघाली म्हणून. म्हटलं, येऊ दे. घरचंच औषध येऊन राह्यलं तं चिराफाडी कायले?"

चार महिने. चार महिने ती गाठ घेऊन माझी वाट पाहत बसली होती. दुखत नव्हतं म्हणून नाही. तिचा माझ्यावर विश्वास होता म्हणून.

मी ओरडले. सणाच्या दिवशी, दार उघडं असताना, आईवर ओरडले. उद्याच्या उद्या यवतमाळला चल म्हणाले. ती जागची हलली नाही. तिचं म्हणणं ठरलेलं होतं, आणि ते एकट्या तिचं नाही, आमच्या भागात निम्मे लोक हेच म्हणतात: लोखंड लागलं की गाठ पसरते. सुई टोचली, चाकू लावला की संपलं. तिच्या मामीला सुई लावली आणि तीन महिन्यांत ती गेली, हा पुरावा. मी परोपरीने सांगितलं की मामी दवाखान्यात पोचली तेव्हाच ते हाडांत गेलेलं होतं. सुईने नाही नेलं, उशिराने नेलं. पसरणं याच गोष्टीवर मी दिवसाचे दहा तास घालवते. मला माहीत आहे.

"म्हणूनच तं," याडी म्हणाली. "तुले माहीत हाये. मंग तुझंच औषध लाव न."

"याडी, माझं औषध नाई हाये. थे प्लेटमधी चालते. माणसात नाई अजून."

आवाज खाली आणून तिने जे विचारलं ते मी जन्मभर विसरणार नाही.

"मोठ्या लोकायले पयले देता काय? तसं हाये तं सांग. मी थांबतो."

तिला वाटलं मी लपवते आहे. माझ्या औषधावर तिचा इतका विश्वास होता की मी खोटी ठरले तरी औषध खोटं ठरत नव्हतं. माझा अभिमान तिच्या अंगात जाऊन बसला होता, आणि आता मलाच तो तिथून काढायचा होता.

दुपारी लेंगीचा, म्हणजे होळीच्या गाण्यांवरचा, नाच संपून लोक नायकाच्या अंगणात टेकले होते. मी तिथे गेले. याडीही मागून आली, बायांत कडेला बसली. मी उभी राहिले आणि सांगितलं की दिवाळीला मी बोलले ते खरं नव्हतं. औषध निघालेलं नाही. अजून उंदरांवर तपासायचं आहे, त्यातून निभावलं तर पुढे माणसांवर, आणि त्याला किती वर्षं लागतील ते कुणी सांगू शकत नाही. कदाचित कधीच निघणार नाही.

नायकाने कपाळाला आठी घातली. "मंग दिवाळीले काय सांगितलं होतं तू? माल भरला, पोचवते, असंच म्हणे न?"

मला लाज वाटली, इतकी की घरी पळून जावं. भिंतीला टेकून बा बसला होता. त्याला मी दिवाळीला गप्प केलं होतं, आणि तो तेव्हापासून माझ्याशी जरा जपूनच बोलत होता. त्याच्याकडे पाहिलं आणि मला ते अर्धं राहिलेलं वाक्य आठवलं.

"बा, थो पुढं जाणारा माणूस. त्याचं सांग."

बाला दोनदा सांगावं लागत नाही, पण या वेळी त्याने आधी माझं तोंड नीट पाहून घेतलं. मग सांगितलं. लदेणी निघण्याआधी तांड्यातला एक माणूस एकटा पुढे जायचा. हातात काठी, पाठीला भाकर. पुढच्या मुक्कामावर पाणी आहे का, बैलांना चारा आहे का, नाला उतरता येतो का, ते पाहायचा. तो परत येईपर्यंत कुणी एका बैलाच्या पाठीवर गोणी ठेवायचं नाही. घाई करून लादलं आणि पुढे पाणी नसलं तर लादलेले बैल वाटेत बसायचे.

"अन् त्याले पाणी नाई भेटलं तं?" मी विचारलं.

"तं तसं येऊन सांगावं लागे. थो खोटं बोलला तं सारा तांडा तहानेनं जाये."

"नायक," मी म्हणाले, "मी थो माणूस हाये. पाणी पाहाले गेली हाये, अजून वापस नाई आली. अन् दिवाळीले मधातच येऊन सांगितलं, पाणी हाये म्हणून. मी खोटं बोलली. माझ्या भरोशावर माझी याडी चार महिने झाले लादून बसली हाये."

हे बोलताना मला रडू फुटलं. मी त्याला अडवलं नाही.

भांडण तोडणाऱ्या माणसाला तोडायला काही उरलं नव्हतं. बायांच्या कडेने याडी उठली.

"तं थो माणूस वापस येईपर्यंत," तिने मला विचारलं, "लोक काय करत?"

उत्तर बाने दिलं. "माहीत असलेल्या रस्त्यानं जात."

"माहीत असलेला रस्ता म्हंजे लोखंडाचा?"

"हाव याडी," मी म्हणाले. "लोखंडाचा."

तिने पदर खोचला आणि ती घराकडे निघाली. मी मागे धावले. ती कांचळीच्या नाड्या सोडून दे म्हणाली आणि पुढे म्हणाली, "यवतमाळची पयली गाडी कितीले हाये?"

यवतमाळच्या दवाखान्यातल्या शस्त्रक्रियेच्या डॉक्टर बाई माझ्याच वयाच्या, आणि वऱ्हाडी बोलणाऱ्या. याडीला त्या पहिल्या पाच मिनिटांत आवडल्या. सुईने तपासायच्या वेळी मात्र याडीने माझं मनगट पकडलं आणि सुई बाहेर येईपर्यंत माझ्या तोंडावरची नजर हलवली नाही. मी डोळे मिटले असते तर ती उठून गेली असती, असं मला अजून वाटतं. मी मिटले नाहीत. तपासणीत जे निघायचं ते निघालं. स्तन काढावा लागेल असं ठरलं.

ऑपरेशनच्या आदल्या सकाळी कागद आले. सह्या करण्याआधी याडीने डॉक्टर बाईंना विचारलं, "काढल्यावर त्याचं काय करता?"

काही भाग तपासायला जातो, उरलेला नष्ट करतात, असं बाईंनी सांगितलं. मग त्यांनी आणखी एक कागद पुढे केला. तुमची हरकत नसेल तर एक छोटा तुकडा संशोधनासाठी ठेवतात. सक्ती नाही. नाही म्हटलं तरी उपचारात काही फरक पडणार नाही.

"संशोधनाले म्हंजे हिच्याकडं?" याडीने माझ्याकडे हनुवटी उडवली.

"हिच्याकडंच जाईल असं नाई सांगता येत, काकू. कोणाकडंबी जाईल. त्याच्यावर तुमचं नाव नसते, फक्त नंबर असते."

हे याडीला अजिबात पटलं नाही. "नाव नाई? माझं हाये न थे? मंग कसं समजन कोणाचं हाये?"

मी समजावलं की नाव नसतं ते तिच्याच भल्यासाठी. तिची बिमारी उगाच चारचौघांत जाऊ नये म्हणून. तिने ऐकलं, पण तिचं लक्ष दुसरीकडे होतं.

"थ्याच्यावर मंग कोणी तुझ्यासारख्या रेघा ओढन?"

"ओढन. तशा पेशी वाढल्या तं."

"अन् पाहान, थे चालते का थांबते?"

"हाव."

तिने पेन घेतला. बचत गटात ती सही शिकली आहे, आणि तिची सही म्हणजे पूर्ण नाव, सासरचं आडनाव धरून, प्रत्येक अक्षरावर वेगळी आडवी रेघ. डॉक्टर बाईंचा राउंड खोळंबला होता. बाहेरून परिचारिका दोनदा डोकावून गेली. याडीने शेवटच्या अक्षरावरची रेघ ओढली, मग सगळ्या अक्षरांवरून पुन्हा एक लांब रेघ मारली, आणि कागद स्वतःच्या हाताने बाईंना दिला. मी आयुष्यात अनेक मोठ्या माणसांच्या सह्या पाहिल्या आहेत, माझ्या पदवीवरही दोन आहेत. एवढी मोठी सही मी पाहिलेली नाही.

रिपोर्ट आला. काखेतल्या रसग्रंथींपैकी एकीला कॅन्सर लागला होता, बाकीच्या स्वच्छ. म्हणजे ते निघालं होतं, पण लांब गेलं नव्हतं. दिवाळीतच आलो असतो तर त्या एकीलाही लागला नसता का, हा प्रश्न मी डॉक्टर बाईंना विचारला. त्यांनी, सांगता येत नाही, असं खरं उत्तर दिलं. तो प्रश्न माझ्यापाशीच राहिला आहे आणि मी तो कुणावर ढकलत नाही.

पुढे सलाईनमधून द्यायची औषधं सुरू झाली. केस गेले. उन्हाळाभर आणि पावसाळ्यात याडी आणि बा फाट्यावरून एसटीने यवतमाळला जायचे-यायचे. मी हैदराबादहून सुट्ट्या जोडून जमेल तेवढं यायचे. उंदरांवरचं काम सुरू झालं होतं. काही उंदरांत फुफ्फुसात पोचलेल्या गाठी कमी दिसल्या, काहींत काहीच फरक दिसला नाही. फोनवर याडी विचारायची तेव्हा मी दोन्ही सांगायचे. एकही अक्षर वाढवायचे नाही. "बरं," ती म्हणायची, "पाहात राह्य."

आमच्या प्रयोगशाळेत दुसरीकडून कुपीत बंद नमुने येतात. वर नंबर असतो. आधी मी तो नंबर वहीत उतरवून घ्यायचे आणि विसरायचे. आता तसं होत नाही. नंबर उतरवताना प्रत्येक आकड्याखाली मला कुणाची तरी सावकाश केलेली सही दिसते. त्यातला एखादा याडीचा असेल का, ते मला कधीच कळणार नाही, आणि कळू नये अशीच सोय आहे. पण माझा हात आता पहिल्यापेक्षा जपून चालतो. माझ्या मार्गदर्शक बाईंनाही ते जाणवलं असावं. त्या परवा माझ्या प्लेटा पाहून फक्त "हं" म्हणाल्या.

यंदाच्या दिवाळीला याडीचे केस बोटभर आले होते. सकाळी तिने पेटीतून कांचळी काढली आणि माझ्या पुढ्यात टाकली. डाव्या बाजूला आतून तिने एक खिसा शिवला होता आणि त्यात आमच्याच शेतातला कापूस भरला होता, सरकी काढून, हाताने पिंजून. वरचे आरसे पहिल्यासारखे बसले होते. "पाहा," ती म्हणाली, "दोन्ही सारखे दिसते का?" मी म्हटलं, डावा जरा जास्त भरला आहे. "राहू दे," ती म्हणाली, "लोकायले दिसू दे." मी नाड्या बांधल्या. या वेळी तिने हात आपण होऊन वर केला, जितका जात होता तितका.

संध्याकाळी मी पुन्हा दिवा घेऊन पोरींच्या रांगेत. एक वर्षाने आणखी मोठी, आणि लग्नाचं नाव नाही. पहिलं घर नायकाचं. अंगणात याडी बायांच्या पुढे बसली होती, मागे नाही. नायकाने माझा दिवा पाहिला, मला आशीर्वाद दिला, आणि मग याडीकडे वळून जरा चिडवायच्या सुरात विचारलं, "काहून बाई, तुझ्या पोरीची लदेणी कोठवर आली?"

मी तोंड उघडणार होते. याडीने मला हाताने थांबवलं. डाव्या हाताने.

"लदेणी कोठची निघते इतक्यात," ती म्हणाली. "आत्ता तं आमी दोघी पाणी पाहाले गेलो हावो."